हिरव्या मोसंब्यांची अढी

समुद्र कसा असतो ते मला विचारू नका. बारा दिवस मालवणात राहिले, पडवीत उभं राहिलं की समोर समुद्रच, पण मी तो नीट बघितला अकराव्या दिवशी. त्याच्या आधी माझं सगळं ध्यान एका करंडीत होतं. आता परत आल्यापासून पाटाच्या कडेला धुणं धुताना रोज कुणी ना कुणी विचारतंच, "काय काय पाह्यलं गं कोकणात?" एकेकीला सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवा.

घरून निघताना

माझी शशी मालवणला दिलेली, हे तुम्हाला माहीतच आहे. जावई आपल्याकडे कालव्याच्या कचेरीत होते, मग मुंबईला नोकरी लागली. तिथं खोली मिळेपर्यंत शशी सासूजवळ राहायची असं ठरलं. दोन वर्षं झाली, खोली काही मिळाली नाही. फाल्गुनात जावयांचं पत्र आलं, रजा संपवून मुंबईला परतताना टाकलेलं. शशीला मुदतीचा ताप येऊन गेला, ताप उतरला पण पोटात काही टिकत नाही, पाणीसुद्धा उलटून पडतं. डॉक्टर म्हणतात, मोसंबीचा रस चमच्या-चमच्यानं टिकला तर ठीक, नाहीतर कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागेल, आणि घाटातला प्रवास तिला सोसेल असं वाटत नाही. मालवणात मोसंबी मिळत नाही.

पत्र ऐकलं आणि मी उठलेच. दारात मोसंबीची दोनशे झाडं आणि पोरगी रसावाचून मरायला टेकलेली! आमचे मालक म्हणाले, "मी जातो." मी म्हटलं, "तुम्ही जाऊन पोरीच्या उशाशी बसून रडाल. मी जाते. आणि येताना तिला घेऊनच येते. नाही सांभाळता येत त्यांना, तर आपण सांभाळू." माझ्या डोक्यात तेव्हा हेच बसलं होतं, की सासूनं हेळसांड केली. आईचं डोकं आहे, त्यात दुसरं काय बसणार?

मोसंबी मी स्वतः काढली. फुगलेली, हलकी, जाड सालीची एकही घेतली नाही. त्यात नुसता चोथा असतो. हातात घेतली की वजन लागलं पाहिजे, साल पातळ आणि गुळगुळीत पाहिजे, बुडाशी पैशाएवढा गोल वळसा उमटलेला पाहिजे. ओढून तोडली नाही, कात्रीनं देठाची टिकली ठेवून कापली. टिकली निघाली की तिथूनच कीड लागते. तीन दिवसांची वाट, म्हणून पार पिवळी झालेली चारपाचच घेतली, बाकी हिरव्या अंगाची. आपल्याकडची मोसंबी हिरवी दिसली तरी आतून गोडच असते, हे मी तुम्हाला काय सांगायचं! साठ भरली. करंडीत उसाचं पाचट घातलं, वरून गोणपाट शिवलं आणि त्यावर पाणी शिंपडलं. वाटेत जिथं जिथं पाणी दिसलं तिथं तिथं शिंपडत गेले. दौंडला शिंपडलं, पुण्याला शिंपडलं, कोल्हापूरच्या स्टँडावर तर नळाखालीच धरली. आपल्या उन्हात फळ सुकून चामडं होतं, म्हणून आपण असंच करतो.

फोंडा घाट आणि कसाल

कोल्हापूरपासून एस.टी. राधानगरीवरून दाजीपूरच्या रानातून जाते आणि मग एकदम खाली उतरते. त्या उतरणीचं वर्णन मी करणार नाही, कारण मी डोळे मिटून बसले होते. वळण आलं की शेजारची बाई माझ्या अंगावर, पुढचं वळण आलं की मी तिच्या अंगावर. फोंड्याला डोळे उघडले तर हवाच बदललेली. अंगाला चिकटणारी, ओली. घाम येतो पण वाळत नाही. मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं. नाही सुचलं.

कसालला गाडी बदलायची होती. मी उतरले, चहा घेतला, मालवणची गाडी कुठली ते विचारलं, आणि मागं वळून बघते तर आमची गाडी घरघरायला लागलेली आणि करंडी टपावरच! ती गाडी पुढं सावंतवाडीला जाणार. मी पदर खोचला आणि सरळ गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

ड्रायव्हर ओरडला, कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ओ बाये, बाजूक सर! मराचा आसा काय?"

"टपावर माझी करंडी आहे!"

"काय आसा करंडीत एवढां?"

"माझ्या लेकीचा जीव आहे!"

तो माणूस खाली उतरला. स्वतः वर चढला, करंडी डोक्यावर घेऊन उतरला आणि मालवणच्या गाडीत माझ्या पायाशी आणून ठेवली. वर विचारलं, "चेडू आजारी आसा?" मी मान हलवली. "बरां होतलां," म्हणाला आणि गेला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही, याची अजून चुटपुट आहे.

मालवण, पहिली संध्याकाळ

घर माडांच्या बागेत, मातीचं, कौलारू. सगळीकडे माशांचा वास. अंगणात वाळत घातलेल्या सुकटीवरून एक कावळा उडाला आणि माझ्या डोक्यावरून गेला. विहीणबाई, म्हणजे जानकीबाई, दारातच उभ्या होत्या. किडकिडीत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

"विहीणबाय, इलात? बरां झालां. आत्ताच डोळो लागलोहा तिचो. सकाळपासून पाणीसुद्धा टिकूक नाय."

मी आत गेले. शशी म्हणजे कशी, तुम्ही पाहिली आहे. भरलेली हंडा-कळशी घेऊन पळत यायची. तिथं चटईवर नुसती हाडं होती. डोक्याचे केस कातरलेले. उठवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून मी तिच्या पायाला हात लावून बाहेर आले आणि पडवीत खांबाला धरून रडले. जानकीबाई आल्या, उकड्या तांदळाची पेज आणि खोबऱ्याची चटणी ठेवून गेल्या. मला वाटलं, बाई कोरडी आहे.

सकाळी उठून ताजा रस काढायचा ठरवलं. करंडीवरच्या गोणपाटावर एक तांब्या पाणी मारलं आणि आडवी झाले. तीन दिवसांची जागरणं, मेल्यासारखी झोपले.

दुसरा दिवस

जाग आली ती ओकारीच्या आवाजानं. धावत गेले तर शशी पालथी, जानकीबाई तिची पाठ चोळतायत, आणि शेजारी पेल्यात रस. मोसंबीचा! मी पेला उचलून तोंडाला लावला. कडू, कडूलिंबासारखा.

"हा कधी काढला?"

"फाटफटी. तुमी निजला होतात, उठवूक नाय. आजाऱ्याक थंड कसां देवचां? म्हणान चुलीच्या जवळ ठेवलंय."

घ्या! मोसंबीचा रस काढला की तिथल्या तिथं प्यायचा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ठेवला की कडू, ऊब लागली की त्याहून कडू. मी काही बोलण्याआधी करंडीकडे धावले, म्हटलं दुसरी काढून रस करते. करंडी रिकामी! तळाला नुसतं पाचट.

मग माझी जीभ सुटली. मला आवरत नाही, तुम्हाला माहीत आहे. "वाटल्या का गावाला? तीन दिवस मांडीवर घेऊन आणल्या मी! माझी पोरगी इकडं मरते आणि तुम्ही शेजारपाजारला वानवळा दिलात?" आणखी बरंच बोलले, ते सगळं लिहीत नाही, मला लाज वाटते.

जानकीबाईंनी ऐकून घेतलं. मग माझा हात धरला आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. त्यांची आंब्याची खोली. जमिनीवर भाताचं गवत अंथरलेलं, आणि त्यावर, काय सांगू, माझ्या मोसंब्या. एकेक सुटी, एकीला दुसरी न लागेल अशी, देठ खाली करून ओळीनं मांडलेली. वरून पुन्हा गवताचं पांघरूण. बाळं निजवावीत तशी निजवलेली.

"हिरवीच हाडलात तुमी," जानकीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माका वाटलां, वाट लांब, म्हणान आंब्यासारखी हिरवीच काढलात. पिकल्याशिवाय सुनेक कशी देवची? पिवळी होती तेचो रस काढलंय. बाकीची चार-आठ दिवसात पिकतली."

आता या बाईला काय म्हणावं! जन्म गेला आंब्यात. त्यांच्या मुलखात फळ हिरवं उतरवायचं, अढीत घालायचं, वास सुटला की काढायचं. हिरव्या सालीची मोसंबी पिकलेली असते, हे त्यांना कुणी सांगावं? देवगडच्या मोठ्या बागायतदारानंही हेच केलं असतं. पण मला तेव्हा कुठलं सुचायला! "अहो, ही अढीत पिकत नाही! सडते! गवतात हात घाला, बघा कसं गरम झालंय. सडवलीत माझी मोसंबी!"

जानकीबाई वाकल्या आणि कोपऱ्यातलं सूप पुढं ओढलं. सुपात सतरा मोसंब्या होत्या, मऊ पडलेल्या, बुरा चढलेल्या. "ही अढयेतली न्हय, विहीणबाय. ही तुमच्या गोणपाटातली. फाटफटी बघलंय तर करंडीतसून पाणी गळत होतां. एकेक काढलंय, पुसलंय आणि सुक्या गवतार ठेवलंय."

दारात त्यांचं जुनं मऊ लुगडं पिळून वाळत घातलेलं होतं. त्यानं पुसल्या होत्या. साठच्या साठ.

दौंडला पाणी, पुण्याला पाणी, कोल्हापूरला नळाखाली, आणि रात्री वर आणखी एक तांब्या. आपल्या कोरड्या उन्हातलं शहाणपण मी त्या ओल्या हवेत नेलं आणि पोरीचं औषध माझ्याच हातानं नासवलं. ह्या बाईनं पुसून ठेवली नसती तर सगळीच गेली असती.

आमचा आवाज ऐकून शेजारचे हसनचाचा कुंपणाशी आले होते. गलबतावर उभं आयुष्य काढलेला म्हातारा, आता घरी बसून जाळी दुरुस्त करतो. त्यांनी सगळं ऐकलं होतं, शेजारच ते. "वयनीनू, भांडतात कित्याक? फळाक वारो व्हयो. गलबतार आमी फळां जाळ्यात टांगून नेतंव. खाली टेकलां काय कुसलां." आणि दोन मिनिटांत एक जुनं, विरलेलं जाळं घेऊन आले. धुतलेलं होतं, तरी मी वास घेऊन बघितला. ते हसले. "हुंगा, हुंगा. धा वर्सां मासो बघूक नाय तेणी."

ते जाळं पडवीत दोन खांबांना झोळीसारखं बांधलं आणि त्यात अडतीस मोसंब्या पसरल्या, वाऱ्यावर. साठातल्या पाच पिवळ्या रसाला गेल्या, सतरा माझ्या पाण्याला.

मग मी रस काढला. आडवी चिरली, बिया वेचल्या, कारण बी चिरडली की कडवटपणा उतरतो. साल दाबली नाही, फडक्यातून गाळला, मिठाची एक कणी टाकली. चमचा शशीच्या तोंडाशी नेला तर तिनं दात घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी. "नको आई. कडू आहे." सकाळचा कडवटपणा तिच्या जिभेवर बसला होता. मी विनवलं, रागावले, देवाची शपथ घातली. दात काही उघडेनात. उद्या डॉक्टर येणार होते. आणि मला दिसत होता तो घाट, ती वळणं, आणि त्या वळणांवर माझ्या मांडीत ही हाडं.

जानकीबाईंनी माझ्या हातातला चमचा घेतला. "बघ गो शशी, मी पितंय." आणि प्यायल्या. जीभ बाहेर काढून दाखवली. "गोड आसा. साकर घातल्यासारखो. माझ्यार इश्वास नाय तुझो?"

शशीनं तोंड उघडलं. एक चमचा. थोडा वेळ थांबून दुसरा. चार चमचे झाल्यावर आम्ही थांबलो आणि दोघी दोन बाजूंना बसलो. तिच्या गळ्याकडे बघत. तिनं आवंढा गिळला की मी देवाचं नाव घ्यायची, तिनं कूस बदलली की जानकीबाई तस्त पुढं करायच्या. उन्हाचा कवडसा भिंतीवरून खाली उतरला, चटईपर्यंत आला. शशी झोपली होती. काही उलटलं नव्हतं.

जानकीबाईंनी तस्त बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी त्यांना कोरडी म्हणत होते! वीस दिवस ती बाई त्या पोरीच्या उशाशी बसली होती, डोळ्यातून टिपूस न काढता. मी उठून त्यांच्याजवळ गेले, त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी मलाच मिठी मारली. माशांचा वास येत होता. येऊ दे, म्हटलं.

पुढचे दिवस

डॉक्टर आले, पोट दाबून बघितलं, म्हणाले, "कोल्हापूर नको आता." नुसतं हे ऐकायला मी तीनशे मैल आले असते.

पुढचं सगळं सुटत गेलं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन मोसंब्या. हसनचाचा रोज येऊन जाळं हलवून जायचे, म्हणजे खालची वर व्हावी. आठ दिवसांत एकही फळ बिघडलं नाही. आल्याबरोबर मी मालकांना सांगून ठेवलंय, जुनं जाळं मिळालं तर बघा.

पाचव्या दिवशी जानकीबाईंना कल्पना सुचली की पेजेतच रस घालावा. मी म्हटलं, नासेल. त्या म्हणाल्या, चुलीवरून उतरून कोमट झाल्यावर घालू. घातला. मीठ, जिऱ्याची चिमूट. शशीनं वाटी चाटून पुसून रिकामी केली. मीही खाऊन बघितली. आपल्याकडे कुणी भातात मोसंबी घातली तर वेड्यात काढतील, पण खरं सांगते, छान लागते.

सालींचं मात्र फसलं. त्यांच्याकडे कोकमाची सालं उन्हात वाळवून आमटीत घालतात, म्हणून जानकीबाईंनी मोसंबीच्या साली मीठ लावून वाळवल्या आणि मला न सांगता माशाच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, घातल्या. एक घास घेतला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. हसनचाचा तेवढे ताट संपवून उठले. "पोटाक बरां," म्हणाले. माझी हसून हसून मुरकुंडी वळली. किती दिवसांनी हसत होते, देवाला ठाऊक.

हे सगळं चाललं होतं तरी माझ्या मनात एक होतंच. शशीला घेऊन जायचं. मालकांना शब्द दिला होता. अंगात जरा बळ आलं की निघायचं, पंधरा दिवसांनी म्हणा, महिन्यानं म्हणा. जानकीबाईंना कसं सांगायचं, एवढंच राहिलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी कोळीण बाहेर ओरडत गेली. मी शशीचे केस विंचरत होते, बोटभर वाढलेले. ती एकदम ताठ बसली, नाक वर केलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली,

"आये, बांगडे इले काय गो? माका वाईच कढी वाढ. भूक लागलीहा!"

माझ्या हातातली फणी तशीच राहिली. माझी पोरगी. आपल्या गावची, आपली बोली बोलणारी. आजारातून उठून पहिल्यांदा भूक लागली आणि तिनं हाक मारली ती सासूला, आणि तीही त्यांच्या भाषेत. मी शेजारी बसलेली असताना! क्षणभर काळजात कळ आली, खोटं कशाला बोलू. मग आतून जानकीबाईंचा आवाज आला, "इले गो माझ्या बाय, इले!" आणि त्या धावतच कोळिणीमागं गेल्या, पायात वहाण न घालता, त्या वयात. मी मनातल्या मनात मालकांना दिलेला शब्द मागं घेतला.

शशी त्या दिवशी भात आणि बांगड्याची कढी जेवली. डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढंच, पण जेवली. दुसऱ्या दिवशी मी समुद्र बघायला गेले. मोठा आहे.

परतताना

निघताना जानकीबाईंनी माझी करंडी आमसुलांनी भरली. खाली वर भाताचं गवत घातलं, गोणपाट शिवलं आणि माझ्या हातात देताना डोळे मिचकावले. "वाटेत पाणी शिंपडू नकात हां, विहीणबाय!"

शशी पडवीतल्या खांबाला धरून उभी होती. जाळ्यात चार मोसंब्या उरल्या होत्या, वाऱ्यावर हलत होत्या. तिनं हात वर केला. मी वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तीनदा बघितलं.

आमचे मालक स्टँडवर बैलगाडी घेऊन आले होते. गाडीत गादी घातलेली, वर उशी, उन्हासाठी चादर बांधलेली. लेक येणार म्हणून. मी एस.टी.तून उतरले, करंडी उतरवली. ते माझ्या मागं दाराकडे बघत राहिले. दार रिकामं. एस.टी. सुटली तरी बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. चेहरा पांढरा पडलेला. विचारायचं धैर्य होत नव्हतं त्यांना.

मी घाईघाईनं म्हटलं, "तिच्या घरी आहे ती. जेवली. भात मागून जेवली."

ते तिथंच, गाडीच्या चाकाला पाठ टेकून खाली बसले आणि रडले. मी म्हटलं होतं ना, रडतील म्हणून.